फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब असताना कुणा एकाचा खासगी ब्लॉग कशाला वाचायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की, सगळं काही मोबाइलवर आपणहून समोर येत असताना कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या ब्लॉगवर मुद्दाम जाऊन वाचण्यासारखं काय असतं, आणि आता असे ब्लॉग उरलेत तरी का. उरलेत, भरपूर उरलेत. काय असतं ते सांगायला मला एका शिलाई मशीनपासून सुरुवात करावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आईचं जुनं पायमशीन माळ्यावरून खाली काढलं. पुसलं, तेल घातलं, चामडी पट्टा नवा टाकला. मशीन फिरायला लागलं, पण टाका सुटायचा. चार टाके नीट, पाचवा गायब. दुरुस्तीवाल्यानं न उघडताच सांगितलं की शटल, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन ज्यात बसते तो भाग, बदला. मी रात्री व्हिडिओ शोधत बसले. अर्ध्याहून जास्त व्हिडिओंत कामाची गोष्ट यायच्या आतच माझा धीर सुटत होता. शेवटी शोधाच्या तिसऱ्या पानावर एक ब्लॉग सापडला. पांढरं पान, काळी अक्षरं, उजव्या हाताला २०११ पासूनच्या महिन्यांची यादी. लेखाचं नाव होतं ‘टाका का सुटतो’.

त्यात लिहिलं होतं की आधी सुई काढा आणि उजेडात धरा. तिच्या एका अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खोबण दिसेल, दुसऱ्या अंगाला नेढ्याच्या किंचित वर एक छोटा खळगा. दोरा खोबणीच्या बाजूनं ओवायचा आणि खळगा शटलच्या टोकाकडे यायला हवा. सुई खाली जाऊन वर यायला लागली की त्या खळग्यापाशी दोऱ्याचा बारीकसा फास सुटतो, शटलचं टोक तो फास उचलतं, आणि त्यातून टाका बनतो. सुई उलटी बसली तर फास भलत्या अंगाला पडतो. माझी सुई उलटीच बसली होती. दहा मिनिटांत मशीन सुरळीत चालू झालं.

पण मी ब्लॉग बंद केला नाही, कारण लेखाच्या खाली ‘दुरुस्ती’ असा मथळा होता आणि त्याखाली मूळ लेखानंतर चार वर्षांनी लिहिलेल्या तीन ओळी. जीन्ससाठी चौदा नंबरची सुई चालते असं आपण लिहिलं होतं, एका वाचकानं अनुभवानं सांगितलं की सोळाच घ्यावी, ते बरोबर आहे. जुनं वाक्य पुसलं नव्हतं, त्यावर नुसती रेघ मारली होती. चार वर्षांनी आपल्या लेखाकडे परत येऊन चूक मान्य करणारा माणूस मला त्या रात्री फार मोठा वाटला.

मग रात्री दीड वाजेपर्यंत मी तो ब्लॉग वाचत होते. गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झालेले. मशीनवर तीस-चाळीस लेख, मध्येच वडिलांच्या सायकलीवर एक, घरच्या पपईवर पडलेल्या रोगावर एक. आणि दर पावसाळ्यात अंगणातल्या पर्जन्यमापकाचे आकडे. सकाळी साडेआठला मोजायचे, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच धरतात. एका दिवशी शून्य, एका दिवशी ४१ मिलिमीटर, एका दिवशी ‘गावाला गेलो होतो, नोंद नाही’.

हे आकडे कुणाच्या काय उपयोगाचे, असं तुम्ही म्हणाल. २६ जुलै २००५ आठवा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३-७४. शहर एकच, पण कुलाब्याच्या आकड्यावरून कुर्ल्यात काय चाललं होतं ते कळलं नसतं. पाऊस असा गल्लीगल्लीनं बदलतो, आणि सरकारी मापकं मोजक्याच जागी असतात. म्हणून एका माणसानं एकाच अंगणात वर्षानुवर्षं लिहून ठेवलेला पाऊस हा ऐवज आहे.

माझ्या मते खासगी ब्लॉगची गोडी इथेच आहे. एक माणूस एका जागी बसून ज्या गोष्टीकडे मनापासून पाहतो, ते पाहणं वर्षानुवर्षं साचत जातं आणि तारखेसकट जागच्या जागी राहतं. फेसबुकवर हाच माणूस असता तर त्याची ‘टाका का सुटतो’ ही पोस्ट दोन दिवस फिरली असती आणि मग कुणालाच सापडली नसती. शिवाय तिथे पावसाच्या आकड्यांना कोण विचारतं, या विचारानं त्यानं ते लिहिलेच नसते. ब्लॉगवर आज किती जणांनी वाचलं याचा धाक नसतो. म्हणून मशीन, पपई आणि पाऊस एका पानावर सुखानं नांदतात.

आता विविधतेबद्दल. दोन टोकं सांगते. टिमोथी गॉवर्स हे केंब्रिजचे गणिती, गणितात फार मोठं मानलं जाणारं फील्ड्स पदक मिळालेले. त्यांनी जानेवारी २००९ मध्ये स्वतःच्या ब्लॉगवर विचारलं की खूप जणांनी मिळून उघड्यावर गणित सोडवता येईल का. अर्धवट सुचलेली कल्पनाही खाली प्रतिक्रियेत लिहा, पूर्ण होईपर्यंत लपवून ठेवू नका, असं आवाहन होतं. पुढच्या काही आठवड्यांत टेरेन्स ताओंसारखे दिग्गज गणिती आणि इतर अनेकांनी गॉवर्स आणि ताओ या दोघांच्या ब्लॉगवर मिळून एका अवघड प्रमेयाची नवी सिद्धता उभी केली. शोधनिबंधावर कुणा एकाचं नाव नाही, डी. एच. जे. पॉलिमॅथ हे सगळ्यांचं मिळून घेतलेलं नाव आहे. ताओंचा ब्लॉग २००७ पासून आजही चालू आहे. एवढा मोठा गणिती कुठे अडला आणि कुठली वाट सोडून दिली, हेही त्यात वाचायला मिळतं. शोधनिबंधात हे कधी येत नाही.

दुसरं टोक स्कॉटलंडमधल्या एका नऊ वर्षांच्या मुलीचं. २०१२ मध्ये तिनं शाळेतल्या जेवणाच्या ताटाचा रोज एक फोटो काढून ‘नेव्हरसेकंड्स’ नावाच्या ब्लॉगवर टाकायला सुरुवात केली. चवीला दहापैकी किती गुण, किती घास झाले, तब्येतीला कसं, आणि जेवणात केस निघाला का, अशा साध्या नोंदी. थोड्याच आठवड्यांत जगभरच्या शाळांतली मुलं आपापल्या ताटांचे फोटो तिला पाठवू लागली. स्थानिक प्रशासनानं फोटोंवर बंदी घातली, लोक खवळले, आणि बंदी लगेच मागे घ्यावी लागली. त्या गदारोळात तिच्या आवाहनावरून गोळा झालेल्या पैशांतून आफ्रिकेतल्या मलावी देशात एका शाळेत मुलांसाठी स्वयंपाकघर उभं राहिलं. मला यात सगळ्यात आवडतो तो घास मोजण्याचा रकाना. असा रकाना मोठ्या माणसाला सुचलाच नसता.

आपल्याकडे तर ब्लॉग म्हणजे मराठीत लिहिता येतंय याचाच आनंद होता. त्याआधी प्रत्येक वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाचा फॉन्ट वेगळा असायचा. तो उतरवून घेतला नाही तर पानभर चौकोन आणि चिन्हं. सगळीकडे सारखीच अक्षरं दिसू देणारं युनिकोड रुळलं, मराठी टाइप करायला बरहा आणि गमभन हाताशी आले, आणि ब्लॉगस्पॉटवर फुकटात जागा मिळत होतीच. लोक अक्षरशः तुटून पडले. स्टार माझा वाहिनीनं मराठी ब्लॉगांची स्पर्धा घेतली, मराठीब्लॉग्स डॉट नेटवर नवनव्या लेखांची यादी एकत्र दिसायची, आणि आम्ही सकाळी चहाबरोबर ती उघडायचो. अमेरिकेत पुरणाला हरभऱ्याची डाळ न मिळाल्यावर काय केलं, आजीच्या तोंडचे मालवणी शब्द, जुन्या गाण्यातलं एखादं कडवं रेकॉर्डवर का नाही, असलं काहीही. किल्ल्यांवर लिहिणारे तर वेगळीच जात. ‘वरच्या टाक्यातलं पाणी फेब्रुवारीनंतर पिऊ नका, पायथ्याच्या वाडीतूनच भरून घ्या’ असं वाक्य छापील पुस्तकात क्वचितच सापडतं, आणि गडावर गेल्यावर तेच उपयोगी पडतं.

मग ओहोटी लागली, हे खरं आहे. लोकांना फुकटात पानं मांडू देणाऱ्या याहू ३६० आणि जिओसिटीज या सेवा २००९ मध्ये बंद पडल्या. १ जुलै २०१३ ला गुगल रीडर बंद झाला आणि माझ्यासारख्या कित्येकांची वाचायची सवय मोडली, कारण शंभर ब्लॉगांवर नवीन काय आलं हे त्यात एका जागी दिसायचं. लिहिणारे फेसबुकवर गेले. पुष्कळ मराठी ब्लॉगांचा शेवटचा लेख ‘पुढचा भाग लवकरच’ असं म्हणून थांबलाय. मला त्या ओळी वाचताना दर वेळी वाईट वाटतं. पण ब्लॉगस्पॉटवरचे ते लेख बहुतेक जागेवर आहेत, आणि पत्ता चालत नसेल तर जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तो टाकून पाहा. मला बंद पडलेल्या एका पाककृतींच्या ब्लॉगवरचं वालाचं बिरडं असंच परत मिळालं.

तुम्हाला वाचायला सुरुवात करायची असेल तर तीन गोष्टी करा. एक म्हणजे एखादा फीड रीडर घ्या, म्हणजे निरनिराळ्या ब्लॉगांवरचं नवं लिखाण एका जागी आणून देणारं साधन. फीडली आहे, इनोरीडर आहे, मेलसाठी थंडरबर्ड वापरत असाल तर त्यातच सोय आहे. वर्डप्रेसच्या बहुतेक ब्लॉगांच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘फीड’ हा शब्द इंग्रजीत टाकला की त्याचा आरएसएस पत्ता, म्हणजे नव्या लेखांची यादी देणारा पत्ता, मिळतो, तो रीडरला द्यायचा. नवा लेख आला की तो तुमच्याकडे येतो, तारखेच्या सरळ क्रमानं, मध्ये कुणी निवड करत नाही. दुसरं, एक ब्लॉग आवडला की कडेला ‘माझे आवडते ब्लॉग’ अशी यादी असते तीत शिरा. आवडीचा माणूस कुणाला वाचतो हे कळणं म्हणजे चांगल्या माणसाच्या घरी पुस्तकांच्या कपाटापुढे उभं राहण्यासारखं आहे. आणि तिसरं, आवडलं तर खाली दोन ओळी लिहा. फेसबुकवरच्या अंगठ्यासारखं नव्हे, काय उपयोगी पडलं ते लिहा. अशा माणसांना महिनोन्‌महिने कुणाचा शब्द येत नाही.

मी मशीनवाल्या काकांना तेव्हाच लिहिलं की सुई उलटी होती, आईचं मशीन अकरा वर्षांनी चालू झालं, त्यावर मी पहिल्यांदा उशीचा अभ्रा शिवला. तिसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. आनंद झाला असं एका ओळीत म्हणून त्यांनी लगेच विचारलं होतं: ‘मशीनच्या अंगावर, पायापाशी नंबर कोरलेला असेल. तो कळवाल का? आणि तुमच्याकडे काल पाऊस किती झाला?’

नंबर कळवला. पावसाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. या जूनपासून गच्चीवर मापक ठेवलंय, सकाळी साडेआठला वर जाते.