नळी नाकात, धूर घरात

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. आम्ही नागपुरात कोराडी रोडला, मानकापूरच्या पुढे राहतो. सासऱ्यांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार) आहे. दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टरांनी घरी २ लिटरवर ऑक्सिजन लावायला सांगितला, म्हणून ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन घेतलं. बाबांचा पलंग देव्हाऱ्याच्याच खोलीत आहे. सासूबाई दोन्ही वेळा दिवा-उदबत्ती करतात, संध्याकाळी कापूर आणि धूप असतो. रात्री मच्छरांसाठी कॉइल लागते. यजमान म्हणतात, मशीन हवा शुद्ध करूनच देते, धुराचं टेन्शन घेऊ नको. हे खरं आहे का? आणि मशीन कूलरसमोर ठेवलं तर चालेल का?

उत्तर : यजमानांचं अर्धंच खरं आहे. मशीन खोलीतलीच हवा ओढतं. हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. मशीनमधले झिओलाइटचे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि नळीतून ९० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन येतो. धूळ फिल्टरवर अडकते. इथपर्यंत ठीक. पण नळीतून मिनिटाला येतो फक्त २ लिटर, आणि श्वास आत घेताना आपण मिनिटाला २०-३० लिटरच्या वेगानं हवा ओढतो. बाकीची हवा नळीच्या बाजूनं, खोलीतूनच जाते. म्हणूनच २ लिटरवर बाबांच्या श्वासात ऑक्सिजन भरतो साधारण २८ टक्के. उरलेल्या हवेसोबत उदबत्ती, धूप, कॉइल सगळं छातीत जातं.

छातीच्या वॉर्डात नोकरी झाली, आता मी घरोघरी पेशंट बघायला जाते. लोक विचारतात, मशीन कोणत्या कंपनीचं चांगलं? मी आधी मागचा स्पंजचा फिल्टर काढून बघते. घरात काय काय जळतं ते तो सांगतो. तुमच्याकडे तर कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं जवळ, वरून रस्त्याची धूळ. इतरांना आठवड्यातून एकदा सांगते, तुम्ही दोनदा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा. सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका. दोन फिल्टर ठेवले की अडत नाही. आतला फिल्टर मात्र धुवायचा नसतो, तो सर्व्हिसवाल्याकडून बदलून घ्या.

धुरापेक्षा मला ज्योतीची काळजी जास्त वाटते. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण जे पेटतं ते भडकवतो. तो चादरीत, कपड्यांत, दाढीत साचून राहतो. मशीन बंद केल्यावरही काही वेळ असतो. दिवा, उदबत्ती, गॅस, काडेपेटी यांपासून निदान ३ मीटर लांब राहायचं. आपल्याकडे एक रीत आहे: आजारी माणूस देवापर्यंत येऊ शकत नाही, म्हणून आरतीचं तबक त्याच्या पलंगापर्यंत न्यायचं. नाकात नळी, आणि ज्योतीवर धरलेले हात तो तोंडावरून फिरवतो! हे आजपासून बंद. देव हलवायचे नसतील तर बाबांचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवा. आणि हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका, त्यांच्या मुलाला सांगू द्या किंवा डॉक्टरांकडून वदवून घ्या. सुनेनं उदबत्ती विझवली की विषय वेगळीकडेच जातो.

भेटायला येणाऱ्या बिडीवाल्यांना अंगणातच थांबवा. (तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांशी माझं भांडण वेगळं आहे.) नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन किंवा बाम लावू नका, पाण्यात विरघळणारी जेली मेडिकलमध्ये मिळते. कॉइलऐवजी मच्छरदाणी बांधा, मशीन तिच्या बाहेर राहू द्या. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार लावून एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. सावजीचा मसाला भाजायचा असेल त्या दिवशी तो शेजारणीकडे भाजा.

एक ताकीद. खोकल्याची उबळ आली म्हणून २ चं ४ करू नका. सीओपीडीत ऑक्सिमीटरवर बहुधा ८८ ते ९२ च हवं असतं. तुमच्या डॉक्टरांनी दिलेला आकडा पाळा. जास्त ऑक्सिजननं काही पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. सकाळी डोकं दुखतं, माणूस गुंगीत राहतो आणि घरच्यांना वाटतं, आज छान झोप लागली. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी तर नकोच. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात गेला तरी ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजतो आणि आकडा चांगला दाखवतो.

आता कूलर. बाबा हवेत बसोत, पण कूलरचा ओला झोत मशीनवर घेऊ नका. दमट हवेनं झिओलाइट खराब होतं, मग नळीतून हवा येते पण तिच्यात ऑक्सिजन कमी असतो. बहुतेक मशीनना ४० अंशांपर्यंतची हवा चालते, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतही त्याच्या वर जातं. तेव्हा मशीन त्याच थंड खोलीत, पण झोताच्या बाजूला आणि भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. वर टॉवेल टाकू नका. ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या) बाटलीत डिस्टिल्ड वॉटर भरा आणि ते रोज बदला.

प्रश्न : आई २ लिटरवर आहे. आमच्या महाल भागातल्या घरी लाईट गेली की मशीन बंद पडतं. सिलिंडर आणलाय, तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा आहे. किती वेळ पुरेल?

उत्तर : आधी तो तिथून काढा. बी टाइप असेल तर भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतात. २ लिटरवर बारा तास धरा. आईच्या खोलीत, ऊन लागणार नाही असा, भिंतीला साखळीनं बांधून उभा ठेवा. व्हॉल्व्ह जड झाला तरी तेलाचं बोटही लावायचं नाही. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॉट खातं, त्यामुळे इन्व्हर्टरवाल्याला पंख्या-दिव्यांचा नाही, मशीनचा हिशेब करायला सांगा.