'काटकोन त्रिकोण': एका शब्दात न, दुसऱ्यात ण, असं का?

प्रश्न असा आलाय की मुलीच्या वहीत बाईंनी 'त्रिकोन'चा लाल पेनने 'त्रिकोण' केला, पण शेजारच्या 'काटकोन'ला हातही लावला नाही, मग नक्की बरोबर काय? बाईंचं दोन्हीकडे बरोबर आहे.

त्रिकोण संस्कृतातून जसाच्या तसा आला म्हणून त्याचा ण टिकला. सुटा शब्द मात्र मराठीत 'कोन' झाला, आणि बरंच झालं, नाहीतर 'हा कोण?' असं विचारल्यावर पोरांनी माणसाचं नाव सांगायचं की अंश मोजायचे! लघुकोन, काटकोन, विशालकोन, झालंच तर चौकोन, हे सगळे या न-वाल्या कोनाचे. (९१ अंशांचा असला तरी 'विशाल', ही जरा गंमतच आहे.)

हिंदीवाले काटकोनाला समकोण म्हणतात. आपल्याकडे तसं म्हटलं तर 'सगळे कोन सारखे' असंच वाटेल, कारण समभुज, समद्विभुज या नावांमुळे 'सम' म्हणजे सारखं हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) तर काटकोन त्रिकोणाला 'जात्य' म्हटलंय, म्हणजे खानदानी! तो शब्द शाळेत काही टिकला नाही, पण त्यातलाच 'कर्ण' आपण अजून वापरतो, आणि चौकोनाच्या तिरक्या रेघेलाही तोच लावतो.

दुसरी शंका अशी होती की एका त्रिकोणाला दोन नावं कशी? अहो कंपासपेटी उघडा की. त्यातले दोन्ही गुण्ये काटकोन त्रिकोणच आहेत, पण ४५-४५-९० वाला बाजूंवरून समद्विभुज आणि ३०-६०-९० वाला विषमभुज. बाजूंवरून एक नाव, कोनांवरून दुसरं. समभुजाला मात्र चॉइस नाही, तिन्ही कोन ६०चे म्हणजे तो कायम लघुकोनच.

आणि हा गुण्या शाळेतच राहत नाही हां, गवंडी आणि सुतारही तोच शब्द वापरतात. मोठ्या मापाला गुण्या पुरत नाही, मग एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करून तिरकं अंतर बरोबर ५ भरतंय का बघतात, आणि भरलं की म्हणतात, 'गुण्यात आहे'.