डेंगूची एनएस१ पॉझिटिव्ह आली, तरी मलेरियासाठी पुन्हा रक्त कशाला?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: धाकटा भाऊ तीन आठवडे केनियात मोम्बासाला राहून नऊ दिवसांपूर्वी पुण्याला परतला. पाच दिवसांपासून ताप आहे, एनएस१ (डेंगूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी रक्तचाचणी) पॉझिटिव्ह, प्लेटलेट ७२ हजार, मलेरियाची पहिली तपासणी निगेटिव्ह. तरी डॉक्टर मलेरियासाठी पुन्हा रक्त मागतात, ते द्यावं का?

द्या, आणि आजच द्या. आफ्रिकेतून आलेल्या तापात एक रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून शोध थांबवायचा नसतो.

दोन्ही आजार एका वेळी होतात. डेंगूचा एडिस डास दिवसा चावतो, मलेरियाचा ॲनाफिलिस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. मोम्बासात दोन्ही आहेत. तिथल्या किनारपट्टीवरचा मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीच्या जंतूचा, म्हणजे जिवावर बेतणारा. चिकुनगुनियाही तिथला जुना रहिवासी आहे: २००४ मध्ये लामू आणि मोम्बासात उसळलेली साथ हिंदी महासागरातल्या बेटांवर पसरली आणि २००६ मध्ये त्याच विषाणूने आपल्याकडे माणसं अंथरुणाला खिळवली. डेंगू आणि चिकुनगुनिया तर एकच एडिस वाहून नेतो.

आता तारखा मांडून बघा. डास चावल्यापासून डेंगूचा ताप साधारण ४ ते १० दिवसांत येतो, फार तर १४. फाल्सिपेरमला किमान ७ दिवस लागतात, बहुतेकांना महिन्याच्या आत येतो. तुमच्या भावाला परतल्यावर चौथ्या दिवशी ताप आला, म्हणजे दोन्ही हिशेबात बसतात. प्लेटलेटवरूनही निवाडा होत नाही, त्या मलेरियातही अशाच घसरतात.

पहिली काचपट्टी (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा रक्ताचा नमुना) निगेटिव्ह येण्याचं कारण साधं आहे. फाल्सिपेरमने ग्रासलेल्या तांबड्या पेशी मेंदू, मूत्रपिंड अशा अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, बोटातून किंवा शिरेतून काढलेल्या थेंबात त्या वेळी सापडतीलच असं नाही. त्यामुळे १२ ते २४ तासांच्या अंतराने तीनदा बघायचं. प्रत्येक वेळी जाड आणि पातळ अशा दोन्ही फिल्म (काचेवर पसरलेले रक्ताचे थर) हव्यात: जाड फिल्ममध्ये जंतू सापडतो, पातळ फिल्ममध्ये त्याची जात आणि किती टक्के पेशी बाधित आहेत ते कळतं. रॅपिड कार्ड (मलेरियाची झटपट चाचणी) सोबत करा, पण नुसत्या कार्डावर भागवू नका, जंतू कमी असतील तर ते चुकतं. प्रवासात प्रतिबंधक गोळ्या अर्ध्यामुर्ध्या घेतल्या असतील तर जंतू आणखी विरळ असतात. हे डॉक्टरांना नक्की सांगा. लॅबच्या फॉर्मवर 'मोम्बासा, केनिया' आणि परतल्याची तारीख ठळक लिहा. ते दिसलं की तंत्रज्ञ काच जास्त वेळ बघतो.

केनियासाठी भावाने यलो फीवरची लस घेतली असणार. तिच्यामुळे डेंगूच्या अँटिबॉडी चाचण्या, आयजीजी आणि कधी आयजीएमही, फसवं पॉझिटिव्ह दाखवू शकतात, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. एनएस१ त्या मानाने भरवशाची, म्हणून डेंगू आहे असंच धरून चला. घोटे, मनगटं, बोटांचे सांधे फार धरले असतील तर चिकुनगुनियाची पीसीआर (रक्तात थेट विषाणू शोधणारी चाचणी) याच आठवड्यात करून घ्या.

दोन्ही निघाले तर उपचार अवघड का होतात, तेही समजून घ्या. डेंगूत रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं, रक्त दाट होतं आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, वाढतं. त्यावरून सलाईन किती द्यायचं ते ठरतं. मलेरियात तांबड्या पेशी फुटून हिमॅटोक्रिट उतरतं. दोन्ही मिळून आकडा 'नॉर्मल' दिसतो आणि झिरपणं लपतं. उलट बाजूने, गंभीर मलेरियात सलाईन जास्त झालं तर फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून अशा रुग्णाला घरी किंवा कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बाटली लावू नये, भरतीच करावं.

मलेरियाच्या गोळ्या (आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन, तीन दिवसांत सहा डोस) स्निग्ध खाण्यासोबतच अंगी लागतात. डेंगूने अन्नावरची वासना गेलेली असते, तेव्हा निदान सायीच्या दुधाचा कप किंवा चमचाभर तूप घातलेला मऊ भात पोटात जायला हवा. तासाभरात उलटी झाली तर डॉक्टरांना कळवून डोस पुन्हा द्यावा लागतो. उलट्या थांबतच नसतील तर शिरेतून आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध लागेल.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, कारण यकृत आधीच सुजलेलं असू शकतं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक बंद. ताप उतरवायला कमरेत इंजेक्शन तर मुळीच नको, इतक्या कमी प्लेटलेटवर तिथे रक्त साकळतं.

डेंगूत ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, खरा धोका असतो. सोबत मलेरिया असेल तर ताप उतरतच नाही आणि ती खूण हातची जाते. तेव्हा थर्मामीटरवर विसंबू नका. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, गुंगी किंवा बरळणं, लघवी कमी किंवा काळपट होणं, धाप लागणं यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठा.

ताप आहे तोवर भावाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. घरातला एडिस त्याला चावला तर आठ-दहा दिवसांनी तोच डास घरच्यांना डेंगू देईल. आणि तिन्ही काचपट्ट्या निगेटिव्ह आल्या, तरी पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा ताप आला तर सगळ्यात आधी मलेरियाच तपासायला सांगा.