वाटीत नक्की किती? न्यूट्रिशनच्या पहिल्या वर्षाबद्दल वाचकांचे प्रश्न

बारावीचा रिझल्ट लागून कॉलेजं सुरू झाली की न्यूट्रिशनच्या कोर्सबद्दलची पत्रं वाढतात, काही मुलांची, काही आईबाबांची, आणि काही स्वतःच शिकायचंय म्हणणाऱ्यांची. त्यातली काही या अंकात घेतलीयत.

प्रश्न: मॅडम, मुलीने यंदा बीएस्सी न्यूट्रिशनला अ‍ॅडमिशन घेतली. तिला वाटलं होतं डाएट प्लॅन आणि रेसिपी शिकवतील, पण पहिल्या सेमिस्टरला नुसतं अमिनो अ‍ॅसिड, एन्झाइम, पचनसंस्था, आणि कुठलं व्हिटॅमिन कोणी शोधलं ते. हे पाठ करून काय उपयोग म्हणते, सोडायचं म्हणतेय. (एक आई, सातारा)

उत्तर: ताई, एवढ्यात सोडू देऊ नका. तिला एक गोष्ट सांगा, आपल्या मुंबईतलीच आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या एक ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. इथल्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना भयंकर अ‍ॅनिमिया होत होता, कित्येक जणी दगावायच्या, आणि कारण कळत नव्हतं. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर रक्तातल्या लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या. आता लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात, म्हणजे हे प्रकरण वेगळंच होतं. विल्सबाईंनी त्या बायका काय खातात ते बघितलं, मग परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तसलंच निकस खाणं माकडांना देऊन बघितलं, आणि शेवटी यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मार्माइट म्हणून मिळतो तो स्वस्तातला, दिल्यावर बायका बऱ्या व्हायला लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे छापलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, पुढे १९४१ साली पालकातून तो पदार्थ वेगळा काढला गेला, तेच फोलिक अ‍ॅसिड.

आता मुलीला विचारा, पेशी मोठ्या का झाल्या? तर फोलेट, म्हणजे हेच फोलिक अ‍ॅसिड, नसेल तर डीएनए नीट तयार होत नाही, पेशी वाढत राहते पण वेळेवर विभागत नाही. हे उत्तर तिच्या त्या कंटाळवाण्या बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकातच आहे. आशाताई गरोदर बाईला जी लाल गोळी देतात ना, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं, त्यातल्या फोलिक अ‍ॅसिडची गोष्ट अशी आपल्या परळपर्यंत जाते. रेसिपी घरीही शिकता येते हो, पण ही गोळी का द्यायची आणि लोहाबरोबर फोलिक अ‍ॅसिड का, हे कळायला पहिलं सेमिस्टर लागतंच.

प्रश्न: रीलमध्ये एक जण म्हणतो वाटीभर डाळीत फक्त ३ ग्रॅम प्रोटीन, आमच्या पुस्तकात तूरडाळीत २२ ग्रॅम लिहिलंय. खोटं कोण बोलतंय? (एफवायची विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर: कोणीच नाही. पुस्तकातला आकडा १०० ग्रॅम कच्च्या डाळीचा आहे आणि रीलवाला शिजलेल्या पातळ वरणाची वाटी धरतोय. शिजवल्याने प्रोटीन उडून जात नाही, पाणी वाढतं एवढंच. वाटीत १५ ग्रॅम डाळ गेली असेल तर ३ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, घट्ट वरणात ३० ग्रॅम गेली असेल तर साडेसहा. त्यामुळे वाटीत किती हे विचारण्याआधी कुकरला डाळ किती लावली आणि ती कितीजणांत वाटली हे विचारायचं.

गरज किती ते पण बघ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. नुसत्या धान्यावरच भर असेल तर किलोमागे १ ग्रॅम धरायला सांगतात, कारण धान्यातल्या प्रोटीनचा दर्जा कमी. तीन ज्वारीच्या भाकरी, प्रत्येकी ५० ग्रॅम पिठाच्या, झाले १५ ग्रॅम. दोन्ही वेळचं मिळून ६० ग्रॅम डाळ, १३ ग्रॅम. ३०० मिली दूध किंवा दही धरलं की ९ ते १०, मूठभर शेंगदाणे ६, आणि थोडा भात ४. झाले की नाही पुरे? पण हे असं ताट रोज कोणाला मिळतं हा खरा प्रश्न आहे, भात आणि पाण्यासारखी आमटी एवढंच असेल तर निम्मेसुद्धा होत नाहीत, आणि अशा घरांना प्रोटीन पावडरचे सल्ले देणं मला अजिबात पटत नाही.

आणि हो, प्रोटीन ज्या अमिनो अ‍ॅसिडांचं बनतं त्यातलं लायसिन धान्यात कमी, मेथिओनिन डाळीत कमी, धान्य आणि डाळ दोन्ही खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते. एकाच घासात हवीत असं काही नाही, दिवसभरात मिळून झाली तरी चालतं.

प्रश्न: आम्हाला २४ तासांच्या आहाराची नोंद घ्यायचं प्रॅक्टिकल आहे. आजूबाजूच्या बायकांना विचारलं काल काय खाल्लं, तर म्हणतात तेच आपलं, भात-आमटी. याच्यापुढे काय लिहायचं? (विद्यार्थी, चिपळूण)

उत्तर: पहिल्या वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रॅक्टिकल हेच असं मला वाटतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

खाण्यापासून सुरू करूच नकोस, दिवसापासून सुरू कर. काकू, काल उठलात कधी? उठल्यावर चहा? किती कप, साखर किती चमचे, बरोबर बटर-खारी काही? मग डब्याची गडबड, त्यात उभ्याउभ्या काही तोंडात टाकलं का? नातवाने पोळी अर्धी टाकली, तिचं काय केलं? इथे खरी माहिती निघते, कारण ताटातलं उरलंसुरलं संपवलेलं बायका स्वतःच्या खाण्यात मोजतच नाहीत. उलटही असतं, सगळ्यांचं झाल्यावर त्या बसतात तेव्हा भाजी संपलेली असते, आमटीचा वरचा पातळ भाग राहिलेला असतो आणि लोणच्याशी भात खाऊन उठतात. घरात आमटी झाली म्हणून त्यांनी डाळ खाल्ली असं लिहू नकोस.

भाजी खाल्ली ना, असं विचारायचं नाही, समोरची हो म्हणून मोकळी होते. एवढंच खाल्लं, असं तर तोंडातून निघता कामा नये, चेहऱ्यावरसुद्धा दिसता कामा नये. बोलताना फक्त लिहून घे, हिशोब नंतर घरी.

माप म्हणशील तर त्यांच्याच घरातली वाटी मागून घे आणि मेजरिंग सिलिंडरने त्यात पाणी किती मावतं ते बघ, कोणाची वाटी १०० मिली तर कोणाची २०० भरते. भाकरी थापायच्या आधी गोळ्याला पीठ किती घेतात ते वजन करायला मिळालं तर उत्तम. तेलाचं चमच्यावर विश्वासून चालत नाही, महिन्याला घरात किती तेल लागतं आणि जेवणारी माणसं किती ते विचार, तळण करून उरलेलं तेल पुन्हा फोडणीला घेतात का ते पण. तुमच्याकडे मासे असणारच, तर काट्यासकट वजन धरू नकोस, अन्नघटकांच्या तक्त्यातले आकडे खाण्याजोग्या भागाचे असतात. कुळथाचं पिठलं, सोलकढी, पेज, हे सगळं नावानिशी आणि त्यात काय काय पडलं ते लिही.

काल वार कोणता होता हे विसरू नकोस. गुरुवार किंवा एकादशी असेल तर साबुदाण्याची खिचडी खाल्ली असेल, तो काही रोजचा आहार नव्हे. जमलं तर लागोपाठ नसलेले दोन-तीन दिवस घे, त्यात एक सुट्टीचा. एका दिवसावरून एका बाईला लोह कमी पडतंय असा निष्कर्ष काढायचा नसतो, बऱ्याच जणींची सरासरी काढायला ही पद्धत चांगली. हिशोबाला राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे भारतीय अन्नघटक तक्ते वापर, त्यात ५२८ पदार्थ आहेत, आणि कच्च्याचा आकडा शिजलेल्याला लावला नाही ना हे दोनदा तपास.

प्रश्न: वय ५४, शिक्षण दहावी. आता हे शिकता येईल का? (गृहिणी, अकोला)

उत्तर: येईल की! इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, अन्न आणि पोषण विषयाचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे, घरबसल्या करता येतो. फी, तारखा आणि कोणत्या भाषेत साहित्य मिळतं ते जवळच्या स्टडी सेंटरला विचारून घ्या.

प्रश्न: पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास झाले. ओळखीतले लोक डाएट मागतात, पैसेही देतो म्हणतात. देऊ का? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर: नको. तुझी हुशारी कमी आहे म्हणून नाही सांगत. शेजारचे काका डायबेटीसची गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील आणि तू भात-पोळी बंद केलीस, तर औषध तेवढंच राहतं आणि शुगर धाडकन खाली येते. किडनीच्या पेशंटला नारळपाणी चांगलं म्हणून सांगितलंस तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे पहिल्या वर्षाच्या पेपरात नसतं. रजिस्टर्ड डाएटिशियन व्हायला पुढे एमएस्सी किंवा पीजी डिप्लोमा, हॉस्पिटलमधली सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि मग इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा असा रस्ता आहे. शिवाय २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात न्यूट्रिशनवालेही येतात, त्यामुळे नियमही तिकडे बघून घे.

तोवर त्यांना मदत करायचीच असेल तर त्यांच्या तीन दिवसांच्या खाण्याची नीट नोंद करून दे, औषधांची नावं आणि वेळा बाजूला लिही, आणि तो कागद घेऊन त्यांना डाएटिशियनकडे पाठव. अशी नोंद हातात आली की तिचाही अर्धा वेळ वाचतो.