निशाणी पडण्याआधी

पत्र पुण्याचं आहे, पण नाव-गाव बदललं तर अशा कितीतरी पत्रांना हेच उत्तर लागू पडेल. नवरा वेगळा राहायला गेला. दिवाणखान्यातला वाय-फाय कॅमेरा मात्र त्याच्याच मोबाइलवरच्या खात्याला जोडलेला राहिला. वर्षभर तो तिकडून ऐकत होता. २०२५मध्ये त्याने कुटुंब न्यायालयात क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाची याचिका केली आणि सोबत पेन ड्राइव्ह जोडला. त्यात अकरा क्लिपा, बहुतेक चाळीस-पन्नास सेकंदांच्या. तुम्ही आणि तुमची आई बोलताय, त्याच्याबद्दल, त्याच्या घरच्यांबद्दल. तुमचा प्रश्न आहे, ‘चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुरावा कसं होऊ शकतं?’

होऊ शकतं. या मुद्द्यावर शक्ती खर्च करू नका. रेकॉर्डिंग कोणत्या मार्गाने मिळवलं, एवढ्या कारणावरून आपली न्यायालयं सहसा पुरावा नाकारत नाहीत. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विभोर गर्ग विरुद्ध नेहा या, बठिंड्याच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात, पतीने पत्नीच्या नकळत केलेली रेकॉर्डिंग वैवाहिक दाव्यात ग्राह्य धरली. तिथलं बोलणं पती-पत्नीमधलं होतं, तुमचं आईशी आहे. रेकॉर्ड करणारा त्या संभाषणात नव्हताच. हा फरक तुमच्या वकिलांनी मांडायलाच हवा. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

तुमचा निकाल दुसऱ्याच जागी अडकलाय. पुढच्या तारखेला पतीचा सरतपास आहे, म्हणजे त्याचं पुराव्याचं शपथपत्र येईल आणि पेन ड्राइव्हवर निशाणी क्रमांक पडेल, म्हणजे तो पुरावा म्हणून नोंदला जाईल. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३(४)नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना सोबत प्रमाणपत्र लागतं. अधिनियमाच्या अनुसूचीत त्याचा नमुना आहे. भाग ‘अ’ हजर करणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला तिच्या ठशासारखा आकडा, लिहायचा. तुम्ही पाठवलेल्या कागदांत हे प्रमाणपत्र नाही. त्याची हरकत निशाणी पडतानाच घ्यावी लागते. सोनू विरुद्ध हरियाणा राज्य (२०१७) यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की प्रमाणपत्र नसल्याची हरकत पुरावा सिद्ध करण्याच्या पद्धतीबद्दलची आहे, आणि ती अपिलात पहिल्यांदा काढता येत नाही. त्या दिवशी गप्प बसलात तर ती हरकत कायमची गेली.

आणि इथेच तुमच्यावर रागावणं भाग आहे. पेन ड्राइव्ह चार महिने तुमच्या कपाटात पडून होता, तुम्ही तो एकदाही लावून पाहिला नाही. कैफियतीत, म्हणजे याचिकेला दिलेल्या तुमच्या लेखी उत्तरात, त्याबद्दल ‘मजकूर नाकबूल’ एवढे दोनच शब्द आहेत. कोणत्या तारखेची क्लिप, पुढचं-मागचं काय तोडलंय, हे तुम्हाला आठवत होतं तेव्हा लिहायचं राहिलं. आता तरी आज रात्री अकराही क्लिपा बघा आणि प्रत्येकीसमोर एका कागदावर लिहा: कोण बोलतंय, कशावरून बोलणं निघालं होतं, टीव्हीवर काय चालू होतं, तेव्हा घरात आणखी कोण होतं.

हरकत लेखी द्या, क्लिपनिहाय द्या, आणि ती रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीत, नोंदली गेली की नाही हे त्याच दिवशी पाहा. रोजनाम्याची नक्कल मागायला लाजू नका. तोंडी हरकत तारखांच्या गर्दीत कुठे जाते ते नंतर शोधूनही सापडत नाही.

हरकत घेतली की पेन ड्राइव्ह बाहेर फेकला जाईल, असं मी म्हणत नाही. कुटुंब न्यायालय अधिनियमाचं कलम १४ त्या न्यायालयाला एरवी ग्राह्य नसलेला पुरावाही घेण्याची मुभा देतं, आणि समोरचे वकील तेच पुढे करतील. शिवाय प्रमाणपत्र नंतर आणता येतं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आले का, हे निवडणूक कार्यालयाच्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं. त्या अर्जुन खोतकर प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं, पण खटला संपेपर्यंत ते हजर करायची वाटही मोकळी ठेवली. तुमच्या नवऱ्याला प्रमाणपत्र लागणार नाही ते फक्त मूळ उपकरणच न्यायालयात आणलं आणि उपकरणाच्या मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन ते शाबीत केलं तर.

तो ते कसं आणणार? कॅमेरा तुमच्या भिंतीवर आहे. तुमच्या पत्रानुसार त्यातलं मेमरी कार्ड ३२ जीबीचं आहे आणि रेकॉर्डिंग अखंड. त्यावर काही दिवसांचंच चित्रीकरण मावतं, मग नवं जुन्यावर चढतं. म्हणजे क्लाउडची वर्गणी नसेल तर वर्षभरापूर्वीचं मूळ आज कुठेच नाही. उरल्यात त्या त्याने मोबाइलवर उतरवलेल्या तुकड्यांच्या प्रती. हॅशने तेवढंच कळतं, की हॅश काढला त्या दिवसानंतर फाइल बदलली नाही. त्याआधी कात्री लागली का, हे हॅश सांगत नाही. उलटतपासात हेच विचारायचं: क्लिप ॲपमधून उतरवली की मोबाइलची स्क्रीन रेकॉर्ड केली? चाळीस सेकंदांआधीची दहा मिनिटं कुठे आहेत? क्लाउडची वर्गणी होती का, असेल तर पूर्ण फाइल का आणली नाही?

आता कॅमेऱ्याचं. तुम्ही लिहिता की आई हल्ली स्वयंपाकघरात नळ सोडून तुमच्याशी बोलतात, आणि तरीही ‘चोरीची भीती’ म्हणून कॅमेरा चालूच आहे. तो आजच बंद करा, पण रिसेट मारू नका. बऱ्याच कंपन्यांचे कॅमेरे रिसेटनंतरही पहिल्याच खात्याशी बांधलेले राहतात, आणि तुमच्या हातचा पुरावा मात्र जाऊ शकतो. तुमच्या मोबाइलवर ॲप असेल तर आधी उपकरणाचं पान, मालक-खातं आणि ‘शेअर केलेले सदस्य’ यांचे स्क्रीनशॉट घ्या. मग प्लग काढा. कार्ड काढून ॲडॅप्टरमध्ये घाला, त्याची कडेची कळ लॉककडे सरकवा, पाकिटात बंद करा, तारीख घाला आणि दोघा साक्षीदारांच्या सह्या घ्या. लॅपटॉपला लावून ‘बघू तर’ करू नका. घरात स्मार्ट स्पीकर असेल तर तो कोणाच्या खात्यावर आहे तेही पाहा. काहींत परवानगी दिलेल्या माणसाला दुरून थेट ऐकता येतं. वाय-फायचा पासवर्ड बदला.

पोलिसांकडे जावं का? माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ आणि ६६मध्ये सगळं ‘मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय’ या शब्दांवर फिरतं. कॅमेऱ्याचं बिल त्याच्या नावावर, खातं त्याचं; घर आणि ताबा तुमचा. दोन्ही बाजूंनी बोलता येईल. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ खासगी कृती पाहण्या-टिपण्याबद्दल आहे, दिवाणखान्यातल्या गप्पा त्यात ओढून बसवणं कठीण. बेडरूममध्ये कॅमेरा असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

त्यापेक्षा घरगुती हिंसाचार अधिनियमाखाली भावनिक छळ म्हणून संरक्षण मागा. कलम २६मुळे ते याच कुटुंब न्यायालयात, याच प्रकरणात मागता येतं. याच अधिनियमाखाली दंडाधिकाऱ्यांकडे केलेल्या अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेक बायका पहिल्या अंतरिम आदेशासाठीच महिनोन्‌महिने खेटे घालतात, म्हणून दुसरं दार उघडण्याआधी चालू प्रकरणातच अर्ज करा. मागणी नेमकी लिहा: पतीने घरातल्या सर्व उपकरणांवरचा आपला प्रवेश काढावा, मालकी-खातं हस्तांतरित करावं, जवळच्या सगळ्या फाइलींची यादी शपथेवर द्यावी, आणि याचिकेबाहेर कुठेही त्या वापरू नयेत.

क्लिपांमध्ये आवाज आईंचाही आहे. त्या येऊन सांगू शकतात की बोलणं कशावरून सुरू झालं होतं. त्यांचं शपथपत्र तुमच्या पुराव्याच्या वेळी लागेल, पण मजकूर आत्ताच, त्यांना आठवतंय तोवर, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.