लॅबचा रिपोर्ट ‘समाधानकारक’, फिन मात्र पाण्यात मऊ

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं पुन्हा ठसठसलं. तुम्ही लिहिता, सर्फबोर्डच्या शेपटीखाली बसणारं पातं, म्हणजे फिन, थ्रीडी प्रिंटवर काचेचं कापड आणि इपॉक्सी चढवून केली, ती मालवणात झकास चालली. त्याच फाइलवरून मोल्ड केला, ३० टक्के काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनचा पहिला लॉट काढला, हातात वाकवून बघितली तर कडक. महिनाभरात बोर्ड चालवणारी पोरं सांगायला लागली की वळण घेताना बोर्डाची शेपटी निसटते, फिन ढिली पडलीय. ग्राहक म्हणतो डिझाइन चुकलं, मोल्डवाला म्हणतो दाणा (कच्चं प्लास्टिक) चुकला, दाणेवाला लॅबचा रिपोर्ट पुढे करतो. आणि तुम्ही विचारताय, जाडी वाढवू का?

जाडीला अजून हात लावू नका. पैसे वाया जातील.

आधीच सांगतो, मी गोकुळ शिरगावात मोल्डिंगचं जॉबवर्क करणारा माणूस. पॉलिमर इंजिनिअर नाही, आणि लाटेवर तर आयुष्यात उभा राहिलेलो नाही. पोहायला पंचगंगेत शिकलो तेवढंच. फिनचं काम आमच्याकडे आलं ते कोल्हापुरात पॅटर्न, मोल्ड, मशीनिंग सगळं एका गावात होतं म्हणून. त्यामुळे खालचं सगळं शॉपफ्लोअरवरचं ज्ञान समजा, पुस्तकाशी ताडून घ्या. बेस (बुडाची लांबी), डेप्थ (उंची), रेक (मागचा झुकाव), कँट आणि टो-इन (बसवायचे कोन), बाजूच्या फिनची आतली बाजू सपाट का ठेवतात, यात मी पडत नाही. तुम्ही फिन चालवून दाखवली आहे, म्हणजे ते तुम्हाला येतं.

तुमच्या पोस्टमधली एकच ओळ मला महत्त्वाची वाटली: ‘रिपोर्टप्रमाणे मटेरियल ओके आहे.’ आमचाही घात याच ओळीनं केला.

आमच्या ग्राहकाला बाहेरच्या संस्थेचा चाचणी अहवाल हवा होता, त्याशिवाय माल उचलणार नाही म्हणाला. गेलो एका मान्यताप्राप्त चाचणी संस्थेत. सरकारी की खासगी, कुठल्या गावातली, काही सांगत नाही. उगाच वाद नको. फिन घेऊन गेलो होतो. काउंटरवर सांगितलं, असला वेडावाकडा जॉब आमच्याकडे चालत नाही, स्पेसिमेन आणा. स्पेसिमेन म्हणजे डंबेलच्या आकाराची चार मिलिमीटर जाडीची पट्टी, वेगळ्या मोल्डमध्ये काढलेली. बरं, दिल्या पट्ट्या. सोबत लेखी अर्ज दिला की हा माल समुद्राच्या पाण्यात राहणार आहे, तर पट्ट्या मिठाच्या पाण्यात भिजवून मग वाकवण्याची चाचणी करा. उत्तर आलं, ‘पद्धतीत अशी तरतूद नाही.’ नायलॉनच्या नमुन्यांना दमटपणा कसा द्यायचा यासाठी आयएसओ १११० नावाचं अख्खं मानक आहे, ७० अंश सेल्सिअस आणि ६२ टक्के आर्द्रता, हे मी त्यांना त्यांच्याच टेबलावर सांगितलं. मग ऐकायला मिळालं की ते आमच्या स्कोपमध्ये येत नाही, साहेब दौऱ्यावर आहेत, अर्ज दुसऱ्या विभागाकडे पाठवा. दुसऱ्या विभागानं पहिल्याकडे पाठवला. फी मात्र पहिल्याच दिवशी भरून घेतली होती, जीएसटीसकट.

शेवटी कोरड्या पट्ट्यांचा रिपोर्ट आला. शेवटच्या रकान्यात शेरा: समाधानकारक. कशासाठी समाधानकारक, कोणी विचारू नये. ताण-चाचणीत पास-नापास नावाचं काही नसतंच. आकडा येतो, तो कामाला पुरतो की नाही हे काम बघून ठरतं. पण ग्राहकाच्या खरेदी विभागाला तो एक शब्द पुरला. माल गेला, बोर्डांवर चढला, आणि तुमच्यासारख्याच तक्रारी घेऊन परत आला. पेमेंट अडकलं, मोल्डच्या कर्जाचा हप्ता काही थांबला नाही. संस्थेला फोन केला तर म्हणाले, ‘अहवाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता, खाली छापलंय बघा.’ छापलेलं होतं, खरं आहे. भिजवलेला नमुना घेत नाही हेही त्यांचंच होतं, ते मात्र कुठे छापलेलं नव्हतं.

असो. आता कामाचं.

नायलॉन पाणी पितो. पावसाळ्यात उघड्या डब्यातला पापड कसा लोळागोळा होतो, तसंच, फक्त सावकाश. नुसता नायलॉन ६ पाण्यात पूर्ण भिजला की वजनाच्या नऊ-दहा टक्के पाणी धरतो, ३० टक्के काचेचा सहाच्या आसपास. पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि त्यांना एकमेकींवरून सरकायला मोकळीक देतात. तुमच्या दाण्याची डेटाशीट काढा. त्यात बहुतेक दोन रकाने असतील, कोरडा आणि दमट. या जातीच्या दाण्यात कोरड्या रकान्यात ताठपणा साडेनऊ हजार मेगापास्कलच्या आसपास असतो आणि दमटमध्ये सहा-सव्वासहा हजारांच्या. विक्रेता पहिला रकाना दाखवतो. शिवाय दुसरा रकानाही फक्त हवेतल्या दमटपणाचा असतो. समुद्रात पडून राहिलेल्या फिनचा ताठपणा त्याच्याही खाली जातो.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. पाणी आत मुरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गानं वाढतो. फिनचं टोक दोन मिलिमीटर आणि बेस सात मिलिमीटर असेल, तर बेसला टोकाच्या बारापट वेळ लागतो. म्हणजे फिन सगळीकडे सारखी मऊ होत नाही. आधी टोक लुळं पडतं, बेस कित्येक महिने कडकच राहतो. पोरं जे सांगतात की ‘फिन वेगळीच वाटते’, ते खरं आहे. तुम्ही काढलेला वाकण्याचा आलेखच बदललेला असतो. तुमच्या प्रिंटच्या फिनला हे झालं नाही, कारण तिचा ताठपणा वरच्या कापड-इपॉक्सीतून येत होता. ती चालली म्हणून तिचाच आकार नायलॉनमध्ये चालेल, असं नसतं.

पट्टीच्या रिपोर्टमधली दुसरी गोम काचेच्या तंतूंची. पट्टीत माल एका टोकाकडून सरळ वाहतो, तंतू लांबीला समांतर बसतात, त्यामुळे आकडा सगळ्यात चांगला मिळतो. फिनमध्ये गेट (माल मोल्डमध्ये शिरायचं तोंड) बेसला, माल पंख्यासारखा पसरतो, टॅबच्या (बोर्डात बसणाऱ्या खुंटाच्या) कोपऱ्यात वळतो, तिथे तंतू आडवेतिडवे. म्हणून वाकण्याची चाचणी अख्ख्या फिनवरच करायला हवी. आकसणंही दोन दिशांना वेगळं असतं, वाहण्याच्या दिशेला साधारण ०.३ टक्के आणि आडवं त्याच्या दुप्पट-तिप्पट. सपाट बाजूच्या फिनला निघतानाच बाक येतो तो यातूनच. त्याला तुमचा मोल्डवाला जबाबदार असेलच असं नाही. शिव्या देण्याआधी गेट कुठे आहे ते बघा.

चाचणी आम्ही आता अशी करतो. एका शॉटमधल्या (मोल्डमधून एकाच वेळी निघालेल्या) दोन फिन घ्यायच्या. एक मशीनमधून निघाल्या निघाल्या झिपच्या पिशवीत बंद, दुसरी मिठाच्या पाण्याच्या पिंपात, लिटरला ३५ ग्रॅम मीठ. घाई असेल तर पाणी गरम ठेवा, मुरणं वेगात होतं. दुसरीचं वजन अधूनमधून घ्या आणि वाढ थांबेपर्यंत वाट बघा. साठेक ग्रॅमची फिन पूर्ण भिजली तर साडेतीन ग्रॅमच्या आसपास वाढते, त्यामुळे स्वयंपाकघरातला काटा चालत नाही. गुजरीत सोनारांकडे असतो तसला शतांश ग्रॅमचा छोटा काटा घ्या, फार महाग नाही.

मग फिक्चर. जाड लोखंडी प्लेटला बोर्डात असतो तोच बॉक्स (फिन अडकवायची खाच) बसवायचा, फिन आडवी धरायची आणि वजन टांगायचं. टोकाला टांगू नका. पाण्याचा दाब पूर्ण फिनवर पसरलेला असतो, त्याचा मध्य बेसपासून डेप्थच्या साधारण ४२ टक्क्यांवर धरा. किती वजन? दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. सेकंदाला आठ मीटर वेग आणि ९५ चौरस सेंटिमीटरची फिन धरली तर जोरदार वळणात २५ ते ३० किलोपर्यंतचा भार येऊ शकतो. आमच्या किनाऱ्यावरच्या रोजच्या लाटांना यातलं निम्मंही पुष्कळ, पण मी पूर्ण धरतो. टोकाला दोन डायल (किती हललं ते मोजणारी घड्याळं) लावा, एक पुढच्या कडेला, एक मागच्या. दोन्हींतला फरक म्हणजे पीळ. फिन मागे झुकलेली असल्यामुळे नुसती वाकत नाही, पिळतेही, आणि निसटण्याचा संबंध बहुतेक वेळा या पिळाशी असतो. भिजलेल्या फिनचं पाणी डायलवर सांडू देऊ नका. मिठानं आमचा एक चांगला डायल जाम झाला.

कोरड्या आणि भिजलेल्या फिनचे आकडे शेजारी-शेजारी लिहिले की तुमच्या प्रश्नाचं उत्तर समोर येईल. जाडी दहा टक्के वाढवली तर ताठपणा ३३ टक्के वाढतो (घनाचा नियम), म्हणून मोह होतो. पण बेस जाड केला की मध्ये सिंक मार्क (खळगे) येतात, थंड व्हायला वेळ लागतो, सायकल टाइम वाढतो, आणि नवी कोरडी फिन पाटीसारखी ताठ निघते. मी जाडी वाढवायचीच झाली तर वरच्या तिसऱ्या भागात, थोडी, आणि तीही भिजलेल्या आकड्यांवरून ठरवेन.

माल पाठवण्याआधी फिन गरम पाण्यात घालून दमट करून देणं हाही उपाय आहे. नायलॉनचे गिअर आणि क्लिप करणारे हे सर्रास करतात, कारण तडकायचं प्रमाण कमी होतं. त्यानं निदान ग्राहकाच्या हातात पहिल्या दिवशी आणि महिन्यानं बरीचशी सारखी फिन राहते. हे आणि दाणा वाळवणं यात गोंधळ नको: मोल्डिंगच्या आधी दाणा कोरडाच हवा, हॉपरमध्ये (दाणा भरायच्या डब्यात) ८० अंशांवर चार-सहा तास. ओल्या दाण्यानं चंदेरी रेघा येतात आणि फिन ठिसूळ होते.

मटेरियल बदलायचं का? माझं वैयक्तिक मत, कुणी वाद घालू नये: शिकाऊ बोर्डांसाठी आणि भाड्यानं द्यायच्या बोर्डांसाठी काचेचा नायलॉन उत्तम, स्वस्त, आपटला तरी टिकतो. चांगल्या सर्फरला विकायची फिन असेल तर फायबरग्लासच्या तयार शीटमधून राउटरवर कापून घासलेली द्या, किंवा रेझिन इंजेक्शनची (मोल्डमध्ये काचेचं कापड ठेवून त्यात रेझिन भरलेली). नायलॉन १२ पाणी फारच कमी पितो, दीड टक्क्याच्या आसपास, पण दर ऐकून मी गप्प बसलो. शीट घासताना मास्क लावा, काचेची धूळ छातीत बसते. आणि वर्षाला शे-दोनशे सेटच खपणार असतील तर स्टीलच्या मोल्डच्या नादाला लागू नका. ॲल्युमिनियमचा पुरतो, गेटपाशी काचेनं झिजतो, तिथे स्टीलचा इन्सर्ट घाला.

पाण्यातली चाचणी आंधळी करा. भिजलेली, कोरडी आणि बाजारातली एक, तिन्ही एकाच रंगाच्या, बेसवर पंचनं खूण, बोर्ड तोच, आणि चालवणाऱ्याला कुठली कुठली ते सांगायचं नाही. मध्येच पहिली पुन्हा द्या. पहिल्या वेळेसारखंच मत आलं तर त्या माणसाच्या मतावर भरवसा ठेवा. आपण कोल्हापूरहून घाट उतरून जातो, तांबडा-पांढऱ्याच्या गप्पा मारतो, मैत्री होते, मग पोरं तोंडावर ‘भारी हाय’च म्हणतात. त्यांचा दोष नाही. आणि जून ते सप्टेंबर चाचणीच्या नावाखाली कुणाला आपल्या समुद्रात उतरवू नका, फिन पुढच्या वर्षीही तपासता येते.

प्रयोग फसण्याची भीती वाटत असेल तर ती रास्त आहे. ऑस्ट्रेलियाचा सर्फर सायमन अँडरसन याची तीन फिनची रचना सुरुवातीला फार थोड्यांनी मनावर घेतली, १९८१ मध्ये त्यानं त्याच बोर्डावर बेल्स बीचची स्पर्धा जिंकल्यावर सगळे वळले. फिनमध्ये शेवटचा शब्द पाण्याचाच. पण त्यानं मोल्डचा हप्ता भरला जात नाही, म्हणून आधी फिक्चर.

कायद्याचं मला कळत नाही, पण टॅब आणि बॉक्सच्या नामांकित पद्धतींवर पेटंट किंवा ट्रेडमार्क असू शकतात. विकण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा. टॅबबद्दल आणखी एक: खडकावर आपटल्यावर आधी टॅब तुटायला हवा, बॉक्स उखडून बोर्ड फाटायला नको. फार मजबूत टॅब करण्यात शहाणपण नाही. मागची कडही एक मिलिमीटरच्या खाली नेऊ नका; मालही नीट भरत नाही आणि मांडी कापली तर टाके पडतात.

लॅबकडे परत जायचंच असेल तर ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: नमुना भिजवून घेणार का, अख्खा जॉब घेणार का, आणि शेरा लिहिणार असतील तर कुठल्या मर्यादेवर. एकालाही ‘बघू’ असं उत्तर आलं तर फी भरू नका. आपल्या भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळा कधी कधी जास्त ऐकून घेतात, विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट हवा असतो. माझा अनुभव एकाच संस्थेचा आहे, सगळ्या तशा नसतील.

आता तुम्ही एवढं करा: वापरलेल्या एका फिनचं आणि गोडाऊनमधल्या बंद पिशवीतल्या एका फिनचं वजन इथे टाका, आणि पोत्यावरचा ग्रेड नंबर जसाच्या तसा लिहा. फोटो काढलात तर शिलाईजवळचा बॅच नंबरही दिसू द्या. भंगाराचा मिसळलेला दाणा नव्या पोत्यात भरून येतो, तेही बघायला लागेल.