'मसल'ला मराठीत स्नायू म्हणायचं की मांसपेशी?

तुमच्या मुलीच्या अभ्यासासाठी तुम्ही विचारलंय की 'मसल' म्हणजे स्नायू की मांसपेशी, आणि डॉक्टर 'मसल पुल' म्हणतात ते मराठीत कसं सांगायचं. मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते. तालमीतली पोरं रोज समोर असतात, त्यामुळे या शब्दाशी माझी रोजची गाठ आहे.

वहीत 'स्नायू'च लिहू द्या. सुश्रुतसंहितेत स्नायू ९०० आणि पेशी ५०० असे वेगवेगळे मोजलेत. तिथला स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारा दोर, आणि मसलच्या जवळची ती पेशी. त्या हिशोबाने 'मांसपेशी' जास्त बरोबर. पण आज मराठीत पेशी म्हटलं की सूक्ष्मदर्शकाखालची पेशी डोळ्यापुढे येते, म्हणून घोळ होतो.

बोलताना मात्र 'स्नायू' फारसा कामाचा नाही. एकदा सतरा वर्षांचा एक पैलवान लंगडत आला. कानाच्या घडीत कुस्तीच्या हौद्यातली लाल माती तशीच, हातात रिपोर्ट, त्यावर मांडीच्या मागच्या बाजूचा 'मसल टिअर'. "मॅडम, मसल फाटलाय म्हणत्यात. पाय गेला काय ओ माझा?" कुणीतरी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं होतं, आणि दोन रात्री पोराला झोप नव्हती. त्याच्या मांडीतले थोडे धागे तुटले होते, ते विश्रांतीने सांधणार होते. एवढं सांगितल्यावर तो पहिल्यांदा नीट टेकून बसला. तोवर तो त्याला 'शीर चढलीया' म्हणत होता. आपल्याकडे शीर आणि नस यांत रक्तवाहिनी, मज्जातंतू, स्नायू सगळंच येतं, म्हणून मी आधी बोट ठेवून दाखवायला सांगते.

इंग्रजीला प्रत्येक दुखण्यात मसल लागतो. मराठी स्नायूचं नावही न घेता काय झालं ते सांगते. कंबरेत उसण भरते, पाठीत लचक भरते, पोटरीत गोळा येतो नाहीतर वांब येतो, पहिल्या दिवशी जोर-बैठका मारल्या की अंग आंबतं. 'मसल पुल'ला जागा बघून उसण किंवा लचक म्हणा, समोरच्याला लगेच कळतं. 'मसल मेमरी'ला तर माझ्या मते 'अंगवळणी पडणं' याहून नेमकं काही नाही. वस्ताद पट हा कुस्तीतला एकच डाव रोज पुन्हा पुन्हा काढायला लावतात ते त्यासाठीच.

अलंकारिक वापर थोडक्यात: 'मसल पॉवर' म्हणजे दांडगाई, 'मसल इन' म्हणजे जबरदस्तीने घुसणं. 'एकही मसल हलला नाही' याला आपण 'चेहऱ्यावरची रेषही हलली नाही' म्हणतो.

आणि मुलीला हे नक्की सांगा. मसल हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली उंदीर सरकल्यासारखा दिसतो, म्हणून. आपल्याला त्याच जागी बेडूक दिसला: दंडाची बेटकुळी. तिला हात दुमडून बेटकुळी काढायला सांगा आणि मग स्पेलिंग पाठ करून घ्या. त्यातला 'सी' मसलमध्ये गप्प असतो, 'मस्क्युलर'मध्ये ऐकू येतो.